घरची गडर लाइन कुणाची, आपली की मनपाची? नागपूरकरांकडून वारंवार येणारे प्रश्न

संडास तुंबला की आधी वाद होतो तो दुरुस्ती कुणी करायची यावर. झोन ऑफिसातून सांगतात लाइन तुमची आहे, प्लंबर सांगतो मनपाची आहे, आणि तोवर अंगणात घाण पाणी पसरलेलं असतं. नागपुरातले घरमालक, फ्लॅटधारक आणि भाडेकरू जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात ते इथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्र वाचता येईल. दुसऱ्या उत्तराशी संबंध असेल तिथे त्याचा क्रमांक दिला आहे.

१. गडर, नाली आणि सेप्टिक टँक, शेवटी सगळं एकच ना?

नाही, आणि निम्मे वाद इथूनच सुरू होतात. गडर लाइन म्हणजे संडास, बाथरूम आणि स्वयंपाकघरातलं पाणी वाहून नेणारी जमिनीखालची बंद लाइन. रस्त्याच्या कडेची नाली पावसाच्या पाण्यासाठी असते. सेप्टिक टँक तुमच्याच प्लॉटवर असतो आणि गडर लाइन नसलेल्या भागात तिचं काम करतो. तक्रार करताना "नाली तुंबली" असं लिहिलंत तर सफाई कामगार झाडू-फावडं घेऊन येईल. "गडर लाइनचा चेंबर ओसंडतोय" असं लिहिलंत तर मशीन येण्याची शक्यता वाढते. शब्द नीट वापरा.

२. मग माझी जबाबदारी नेमकी कुठे संपते? कंपाउंडच्या भिंतीशी?

बहुतेकांना तसंच वाटतं, पण भिंत ही हद्द नाही. नागपुरात आता महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ लागू आहे. त्याचं सूत्र असं, की मनपाच्या मालकीची लाइन मनपाने सांभाळायची आणि खासगी लाइन चालू, स्वच्छ, दुरुस्त ठेवण्याचा खर्च मालकाने किंवा वापरणाऱ्याने करायचा. तुमच्या घराचा पाइप रस्त्यावरच्या किंवा मागच्या गल्लीतल्या सार्वजनिक लाइनला जिथे मिळतो, तो जोड ही व्यवहारातली हद्द.

म्हणजे घरातले ट्रॅप (पाणी अडवून वास रोखणारे वाकडे पाइप), भिंतीवरून उतरणारे पाइप आणि अंगणातले चेंबर तुमचे. शेवटच्या चेंबरपासून सार्वजनिक चेंबरपर्यंतचा जो तुकडा गेटबाहेर रस्त्याखालून जातो, तोही सर्वसाधारणपणे तुमचाच धरला जातो, कारण तो फक्त तुमच्या घराचं पाणी नेतो. झोनचे कर्मचारी कधी कधी तो तुकडाही मोकळा करून देतात. ती मदत समजा, हक्क समजून बसू नका. मात्र त्या तुकड्यावरचा रस्ता मनपाचा आहे, त्यामुळे पाइप तुमचा असला तरी परवानगीशिवाय रस्ता फोडता येत नाही (प्रश्न १५).

त्या तुकड्यात दोन-चार घरांचं पाणी येत असेल आणि तो सार्वजनिक रस्त्याखाली असेल, तर ती सार्वजनिक लाइन आहे असं ठामपणे मांडा. लेखी मांडा.

३. चोकअप माझ्या बाजूला आहे की मनपाच्या, हे कळणार कसं?

याचं उत्तर प्लंबरला फोन लावण्याआधी दहा मिनिटांत मिळू शकतं. अंगणातला शेवटचा चेंबर, म्हणजे गेटजवळचा किंवा मागच्या भिंतीजवळचा, शोधा. झाकण सळईने उचला आणि बाजूला होऊन थोडा वेळ थांबा. वर वाकू नका, जवळपास बिडी-काडी पेटवू नका.

चेंबर कोरडा आहे आणि संडास मात्र भरलाय? मग अडथळा घर आणि चेंबर यांच्या मधे आहे. तो तुमचा. चेंबर काठोकाठ भरलाय? मग अडथळा पुढे आहे. आता शेजारी विचारा. त्यांचेही चेंबर भरले असतील किंवा रस्त्यावरच्या झाकणातून पाणी बाहेर येत असेल तर मुख्य लाइन तुंबली आहे, खिशात हात घालू नका. शेजाऱ्यांकडे सगळं ठीक असेल आणि फक्त तुमचाच चेंबर भरला असेल तर रस्त्याखालच्या जोडणीच्या तुकड्यावर संशय घ्या.

रस्त्यावरच्या मेनहोलचं झाकण स्वतः उघडू नका. ते काम झोनच्या माणसांचं.

आणखी एक गोष्ट आग्रहाने सांगतो. कुणीही हात लावण्याआधी फोटो काढा: उघडलेला तुमचा चेंबर, ओसंडणारा रस्त्यावरचा चेंबर, दोन्ही एका फ्रेममध्ये आले तर उत्तमच. लाइन एकदा मोकळी झाली की अडथळा कुठे होता हे सिद्ध करायला काही उरत नाही.

४. पाण्याचं बिल ओसीडब्ल्यूचं येतं. तिथे फोन केला तर म्हणतात हे आमचं काम नाही. खरं आहे का?

खरं आहे. ऑरेंज सिटी वॉटर (ओसीडब्ल्यू) ही कंपनी २०१२ पासून नळाचं पाणी आणि त्याच्या पाइपलाइन पाहते. गडर लाइन मनपाकडेच आहे. तक्रार तुमच्या झोन कार्यालयात किंवा मनपाच्या तक्रार ॲपवर करायची. झोन दहा आहेत: लक्ष्मीनगर, धरमपेठ, हनुमाननगर, धंतोली, नेहरूनगर, गांधीबाग, सतरंजीपुरा, लकडगंज, आशीनगर आणि मंगळवारी. तुमचा झोन मालमत्ता कराच्या पावतीवरून कळतो. पत्त्यासोबत ठळक खूण लिहा आणि तक्रार क्रमांक घ्या. तोंडी सांगितलेली तक्रार पुढे कुठेच कामी येत नाही.

५. नळाला गडरचा वास येतोय. आता कुणाला पकडायचं?

दोघांनाही, आणि त्याच दिवशी. जुन्या वस्त्यांत नळाचा पाइप कित्येकदा नालीतून किंवा गडरच्या चेंबरजवळून गेलेला असतो. नळ बंद असताना पाइपमधला दाब कमी होतो आणि गंजलेल्या जोडातून घाण आत ओढली जाते. ओसीडब्ल्यूला दूषित पाण्याची तक्रार द्या, झोनला गळक्या गडरची द्या. पाणी पिणं लगेच थांबवा. नुसतं तुरटी फिरवून ते पिण्यालायक होत नाही. मीटरनंतरचा पाइप तुमचा आहे, तो नालीत बुडालेला असेल तर वर उचलून घेण्याचं काम तुमचं.

६. आम्ही दरवर्षी टॅक्स भरतो. मग आतली लाइन मनपाने का साफ करू नये?

कर सार्वजनिक व्यवस्थेसाठी असतो: मुख्य लाइन, पंपिंग, आणि भांडेवाडीचं मलजल प्रक्रिया केंद्र. तिथे शुद्ध झालेलं पाणी पुढे कोराडीच्या वीज केंद्राला जातं, हे फार कमी लोकांना माहीत असतं. करामुळे तुमची खासगी लाइन मनपाची होत नाही. पण याची दुसरी बाजूही तितकीच पक्की आहे. मुख्य लाइन तुंबून पाणी तुमच्या घरात शिरत असेल तर "तुम्ही तुमचा प्लंबर लावा" असं सांगण्याचा अधिकार कुणालाही नाही.

७. लाइन घराच्या मागच्या गल्लीतून जाते. शेजाऱ्याने तिथे किचन वाढवलं आणि चेंबर आत गेला. आता?

धरमपेठ, रामदासपेठसारख्या जुन्या आखीव वस्त्यांत मागच्या गल्ल्या सफाईसाठीच ठेवल्या होत्या आणि गडर लाइन तिथूनच नेली. पुढे कुणी पत्रे टाकले, कुणी बाथरूम बांधलं, कुणी गेट लावून गल्लीच आत घेतली. आता रांगेतल्या सात-आठ घरांची लाइन एका घराच्या फरशीखाली अडकते आणि साफ करायला जागाच उरत नाही.

ही गल्ली सार्वजनिक असेल तर चेंबर झाकणारं बांधकाम अतिक्रमण आहे. झोनमध्ये गडर तुंबल्याची आणि अतिक्रमणाची अशा दोन वेगळ्या तक्रारी द्या. एकाच अर्जात दोन्ही लिहिलं की अर्ज दोन टेबलांच्या मधे फिरत राहतो. लेआउटच्या मंजूर नकाशाची प्रत जोडा. आणि अर्जावर एकट्याने सही करू नका. रांगेतल्या सगळ्या घरांनी सही केली तर तो शेजाऱ्याशी भांडण काढल्यासारखा दिसत नाही, आणि खरोखरच तसा नसतोही.

८. शेजाऱ्याचा पाइप माझ्या प्लॉटमधून जातो. मी तो बंद करू शकतो का?

रागाच्या भरात सिमेंट ओतून बंद करू नका. आधी खरेदीखत वाचा. त्यात हक्क लिहिलेला असू शकतो. लिहिलेला नसला तरी भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ प्रमाणे २० वर्षं उघडपणे, अखंड आणि हक्क म्हणून केलेल्या वापरातून हक्क तयार होऊ शकतो. महाल, इतवारीतल्या वाटण्या झालेल्या वाड्यांत हा प्रश्न हमखास येतो. एका वाड्याची चार घरं झाली, लाइन मात्र आजोबांच्या काळातली एकच राहिली.

दुसऱ्याच्या जमिनीतून जाण्याशिवाय मार्गच नसेल, तर आयुक्तांकडून तशी परवानगी मागण्याची सोयही महानगरपालिका कायद्यात आहे. पाइप कुणाच्याही जमिनीतून गेला तरी तो दुरुस्त करण्याचा आणि खोदलेली जागा पूर्ववत करण्याचा खर्च ज्याचं पाणी वाहतं त्याचा. सामाईक असेल तर वाटून घ्या आणि ते पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर तरी लिहून ठेवा. भावाभावांतही.

९. आमची फ्लॅट स्कीम आहे. खालच्या मजल्यावर संडास उलटतो आणि वरचे म्हणतात तो तुमचा प्रॉब्लेम. खर्च कुणाचा?

सगळ्यांचा. वरून खाली येणारा उभा पाइप, खालचे चेंबर, बाहेरची लाइन आणि सेप्टिक टँक या सामाईक सोयी आहेत. तळमजल्यावर घाण वर येते कारण पाणी सर्वात खालच्या तोंडातून बाहेर पडतं. अडथळा तळमजलेवाल्याने केलेला असतो असं नाही. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत सामाईक ड्रेनेज लाइन आणि सेप्टिक टँकची दुरुस्ती संस्थेच्या खर्चाने आहे, तर फ्लॅटच्या आतल्या संडास-सिंकची गळती त्या सभासदाच्या खर्चाने.

नागपुरातल्या बऱ्याच स्कीम संस्था नसून महाराष्ट्र अपार्टमेंट मालकी अधिनियम, १९७० खालच्या आहेत. तिथे डीड ऑफ डिक्लरेशनमध्ये (घोषणापत्रात) तुमचा अविभक्त हिस्सा टक्क्यांत दिलेला असतो आणि सामाईक खर्च त्याच टक्क्याने वाटला जातो. म्हणजे "दर फ्लॅट सारखी वर्गणी" हा नियम नाही, सगळ्यांनी मान्य केली तर सोय आहे.

बाथरूमची फरशी गळून खालच्याच्या स्लॅबला ओल येत असेल तर खर्च वरच्याचा. उभा पाइप गळत असेल तर सगळ्यांचा. कुठे गळतंय याचा निर्णय मोठ्या आवाजाने होत नाही. बाथरूममध्ये रंगीत पाणी सोडून पाहा, खाली रंग उतरला की वाद मिटतो.

१०. ताबा घेऊन तीन वर्षं झाली, लाइनला उतारच नाही असं प्लंबर म्हणतो. बिल्डर फोन घेत नाही.

रेरा, म्हणजे स्थावर संपदा कायद्यात ताब्यापासून ५ वर्षांच्या आत बांधकामाच्या, कामाच्या दर्जाच्या किंवा सोयींच्या दोषाची तक्रार केली तर बिल्डरने ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करून द्यायचं आहे. प्लंबरचं मत लेखी घ्या. चार इंची पाइपला साधारण ४० ला १ उतार चांगला, म्हणजे १० फुटांमागे ३ इंच. हे फूटपट्टी आणि लेव्हल पाइपने मोजता येतं. मोजमापासह नोटीस नोंदणीसह स्पीड पोस्टाने पाठवा. नाही ऐकलं तर महारेराकडे तक्रार करा.

११. मी भाड्याने राहतो. घरमालक म्हणतो तुम्हीच तुंबवलं, तुम्हीच काढा.

पाइपमधून तुमच्या घरचं फडकं किंवा डायपर निघालं तर त्याचं म्हणणं बरोबर आहे. पाइप फुटला, खचला, मुळं शिरली तर तो घरमालकाचा खर्च. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ प्रमाणे जागा दुरुस्त ठेवणं हे घरमालकाचं कर्तव्य आहे. लेखी नोटीस देऊन किमान १५ दिवस वाट पाहिल्यावर भाडेकरू स्वतः दुरुस्ती करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो, पण एका वर्षात त्या वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापेक्षा जास्त नाही. पावत्या जपा. भाडेकरूला हाकलण्यासाठी मुद्दाम संडासाची लाइन बंद करणं त्याच कायद्याने मना आहे.

१२. सेप्टिक टँक कुणी आणि कधी उपसायचा?

तुमच्या प्लॉटवर आहे, म्हणजे तुम्ही. साधारण दर २ ते ३ वर्षांनी. "आमचा पंधरा वर्षांत भरला नाही" असं अभिमानाने सांगणारे पुष्कळ भेटतात. अशा टाकीला बहुधा तडा गेलेला असतो आणि मैला जमिनीत मुरत असतो, शेजारच्या विहिरीच्या किंवा बोअरच्या दिशेने. सक्शन गाडी झोनमधून शुल्क भरून किंवा खासगी ठेकेदाराकडून मागवता येते. खासगी गाडी असेल तर मैला कुठे रिकामा करणार ते विचारा आणि पावती घ्या. रात्री नाल्यात सोडलेला टँकर नाग नदीत किंवा पिवळी नदीत जातो, तिथून कन्हान, मग वैनगंगा. भंडाऱ्याचे लोक त्याच वैनगंगेचं पाणी पितात.

१३. सक्शन गाडी आत येत नाही. माणूस उतरवून टाकी साफ करून घेतली तर चालेल का? तो स्वतःच तयार आहे.

नाही. कोणत्याही परिस्थितीत नाही. या एका प्रश्नावर मला घासाघीस करायची नाही.

बंद टाकीत आणि मेनहोलमध्ये हायड्रोजन सल्फाइड साठतो. थोडा असेल तेव्हा सडक्या अंड्यासारखा वास येतो. जास्त झाला की नाकाला वास कळेनासाच होतो. "वास गेला, आता उतरतो" असं म्हणत माणूस उतरतो तो बेशुद्ध पडण्यासाठीच. त्याला काढायला दुसरा उतरतो, मग तिसरा. एकाच टाकीत बापलेक, भाऊभाऊ गेल्याच्या बातम्या आपण सगळ्यांनी वाचल्या आहेत.

हाताने मैला उचलणाऱ्यांच्या सेवायोजनेस मनाई करणारा २०१३ चा कायदा गडर आणि सेप्टिक टँकच्या धोकादायक सफाईसाठी माणूस लावण्यावर बंदी घालतो. ही बंदी मनपाइतकीच घरमालकालाही लागू आहे. पहिल्या गुन्ह्याला २ वर्षांपर्यंत कैद किंवा २ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही, पुन्हा केल्यास ५ वर्षं आणि ५ लाखांपर्यंत. गडरमधल्या मृत्यूसाठी सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये १० लाखांची भरपाई ठरवली होती, ऑक्टोबर २०२३ मध्ये ती ३० लाख केली. तो तयार आहे कारण त्याच्या घरी पैसे हवे आहेत. त्याच्या गरजेने तुमची जबाबदारी कमी होत नाही.

गाडी गल्लीत शिरत नसेल तर लांब होज लागतो. गाडी कोपऱ्यावर उभी करून पाइप आत आणता येतो. मागवतानाच अंतर सांगा. सफाईच्या तक्रारीसाठी १४४२० हा राष्ट्रीय क्रमांक आहे.

१४. आमचा प्लॉट गुंठेवारीतला. मनपा म्हणते नासुप्रकडे जा, नासुप्र म्हणते मनपाकडे जा.

हा नागपूरचा खास त्रास आहे. शहराच्या कडेला, विशेषतः दक्षिण आणि पूर्व भागात, शेतजमिनीवर परवानगीविना लेआउट पडले, यालाच गुंठेवारी म्हणतात. लोकांच्या तोंडी ते "५७२ लेआउट" आणि "१९०० लेआउट" याच नावांनी आहेत. २००१ च्या गुंठेवारी कायद्याखाली नागपूर सुधार प्रन्यासने (नासुप्र) विकास शुल्क घेऊन प्लॉट नियमित केले. शुल्क भरलं म्हणजे गडर लाइन पडली असा अर्थ मात्र होत नाही, हे हजारो कुटुंबांना घर बांधून झाल्यावर कळलं.

तुम्ही एकच गोष्ट लेखी मिळवा: तुमचा लेआउट मनपाकडे हस्तांतरित झाला आहे का, आणि कोणत्या तारखेला. माहिती अधिकारात दोन्ही कार्यालयांना हाच प्रश्न त्याच दिवशी विचारा. उत्तर ३० दिवसांत द्यावं लागतं. हस्तांतरण झालं असेल तर देखभाल मनपाची. झालं नसेल तर विकासाचं काम नासुप्रकडे बाकी आहे, आणि तुमच्या शुल्काची पावती हा तुमचा सर्वात मोठा कागद.

हुडकेश्वर-नरसाळा आता मनपा हद्दीत आहे. बेसा-पिपळ्याला नगरपंचायत आहे, वाडीला नगरपरिषद. तिथल्यांनी मनपाच्या झोनमध्ये चकरा मारू नयेत. हद्दीबाहेरच्या नव्या लेआउटची मंजुरी एनएमआरडीए (नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) देते. लाइन येईपर्यंत सेप्टिक टँक आणि शोषखड्डा हाच मार्ग. संडासाचा पाइप थेट रस्त्याच्या नालीत सोडणं बेकायदा आहे, शेजारच्या दहा घरांनी सोडलेला असला तरी.

१५. नवीन जोडणी घ्यायची आहे किंवा रस्त्याखालचा पाइप बदलायचा आहे. रस्ता मी खोदू शकतो?

परवानगीनेच. झोनमध्ये अर्ज, मालमत्ता कराची पावती, नकाशा, आणि रस्ता पूर्ववत करण्याचं शुल्क. काम मनपाच्या परवानाधारक प्लंबरकडून. जोडणी देणं ही महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली अधिसूचित सेवा आहे, म्हणून मुदतीत न मिळाल्यास अपील करता येतं आणि शेवटी लोकसेवा हक्क आयोगापर्यंत जाता येतं. अर्जाची पोच नसेल तर यातलं काहीही करता येत नाही.

१६. सिमेंट रस्ता झाला आणि आमचं अंगण खाली गेलं. आता रस्त्याचं पाणी आत येतं.

नागपुरात सिमेंटच्या रस्त्यांनी अनेक जुन्या घरांचं जोतं रस्त्याच्या पातळीखाली नेलं आहे. यात दोन प्रश्न मिसळतात. पावसाचं पाणी आत येणं हा रस्त्याच्या कडेच्या नालीचा प्रश्न. नाली बांधली नाही किंवा तिची पातळी चुकली तर ते काम रस्ता बांधणाऱ्या यंत्रणेचं. रस्ता मनपाचा, सार्वजनिक बांधकाम विभागाचा की नासुप्रचा हे कामाच्या फलकावर असतं. फलक काढायच्या आत फोटो घ्या. दुसरा प्रश्न चेंबरचा: काम करताना चेंबर काँक्रीटखाली गाडला गेला असेल तर तो उघडून झाकण नव्या पातळीवर आणणं हेही त्याच कंत्राटाचं काम. रस्त्याचं काम सुरू असतानाच हे पाहा. काँक्रीट ओतण्याच्या आदल्या दिवशी अभियंत्याला चेंबर दाखवणं सोपं आहे, नंतर ते फोडून घेणं फार कठीण.

१७. जोराचा पाऊस आला की संडासातून पाणी वर येतं. ही मनपाची चूक ना?

बहुतेक वेळा दोन्ही बाजूंची. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी घुसलं. त्या दिवशी अनेक घरांत पाणी दारातून येण्याआधी संडासातून आलं, कारण भरलेली मुख्य लाइन खालच्या घरांत उलटी वाहिली.

पण साध्या पावसातही असं होत असेल तर कारण बहुतेक वेळा आपल्याच गच्चीवर असतं. गच्चीचं आणि अंगणाचं पाणी गडरमध्ये सोडलेलं असतं. गडर लाइन घरगुती सांडपाण्याच्या हिशोबाने टाकलेली असते. रस्त्यातल्या पन्नास गच्च्यांचं पाणी एकदम आलं की मेनहोलची झाकणं उचलली जातात. गच्चीचं पाणी गडरमधून आजच काढा. ते अंगणात मुरवा, विहिरीत किंवा बोअरजवळच्या पुनर्भरण खड्ड्यात न्या, उरलेलं नालीत सोडा.

तळमजला रस्त्याखाली असेल तर शेवटच्या चेंबरजवळ नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी फक्त बाहेर जाऊ देणारा व्हॉल्व्ह, बसवा. खर्च तुमचा. त्याची झडप पावसाळ्याआधी साफ करायला विसरू नका, कचरा अडकला तर ती बंदच होत नाही. व्हॉल्व्ह बंद असताना घरातलं पाणीही बाहेर जात नाही, त्या वेळी घरात नळ सोडू नका.

१८. दर दोन-तीन महिन्यांनी त्याच जागी चोक होतं. प्लंबर येतो, काढतो, पैसे घेतो.

म्हणजे कचरा हे मूळ कारण नाही, पाइप खराब आहे. जिथे काळी माती आहे तिथे ती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसाळ्यात फुगते. जुन्या स्टोनवेअर पाइपचे सिमेंटचे जोड त्यात सुटतात. उघड्या जोडातून कडुनिंबाची, पिंपळाची मुळं ओलाव्याच्या मागे आत शिरतात. मुळं कापली की काही महिन्यांत परत येतात. तेवढा तुकडा काढून पीव्हीसी टाका, खाली मुरमाची किंवा वाळूची गादी द्या. झाड तोडू नका. शहरात झाड तोडायला वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते आणि दोष झाडाचा नाही, जोडाचा आहे. मुळं मनपाच्या झाडाची असली तरी आतला पाइप तुमचाच राहतो.

१९. शेजारी सावजी भोजनालय आहे, पलीकडे गोठा. त्यांच्या तेलाने आणि शेणाने आमची लाइन भरते.

तेल गरम असताना वाहतं आणि पाइपमध्ये गार झालं की थर धरतं. खानावळीने सिंकनंतर तेल अडवणारा चेंबर बसवून तो नियमित साफ करायला हवा. शेण गडरमध्ये सोडणं तर पूर्ण चूक. झोनच्या आरोग्य विभागाकडे आणि मनपाच्या उपद्रव शोध पथकाकडे तक्रार करा. पथक दंड करू शकतं. त्याआधी एकदा जाऊन बोलून पाहा. बऱ्याच खानावळवाल्यांना हा चेंबर माहीतच नसतो.

२०. तक्रारी करून थकलो. पुढे काय?

पायऱ्या चढत जा, मधली सोडू नका. कनिष्ठ अभियंता, मग झोनचे सहायक आयुक्त, मग मनपा आयुक्तांच्या नावे लेखी निवेदन. सोबत माहिती अधिकारात विचारा: अमुक क्रमांकाच्या तक्रारीवर काय कारवाई झाली, या लाइनची शेवटची सफाई कधी झाली, काम कोणत्या कंत्राटदाराकडे आहे. असा प्रश्न गेला की फाइल हलते, हा बहुतेकांचा अनुभव आहे. घाण पाणी रस्त्यावर वाहून लोकांच्या आरोग्याला धोका असेल तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे सार्वजनिक उपद्रव हटवण्याचा अर्ज करता येतो. मेनहोलचं झाकण तुटलेलं किंवा गायब असेल तर मात्र या पायऱ्यांची वाट पाहू नका. झोनला लगेच फोन करा, आणि माणूस येईपर्यंत तिथे लाल कापड बांधलेली फांदी किंवा बॅरिकेड उभं करा.

२१. जुनं घर विकत घेतोय. गडरबाबत काय बघू?

विकणाऱ्याला सगळे चेंबर उघडून दाखवायला सांगा. दाखवता येत नसतील तर ते फरशीखाली गेले आहेत असं धरा आणि ते शोधून काढण्याचा खर्च किमतीतून वजा करायला सांगा. वरच्या मजल्यावर दोन बादल्या पाणी ओता आणि शेवटच्या चेंबरमध्ये किती वेळात येतं ते पाहा. पाणी पुढे रस्त्यावरच्या लाइनला जातं, मागच्या गल्लीला की शेजाऱ्याच्या प्लॉटमधून, हे स्वतःच्या डोळ्यांनी बघा; शेजाऱ्याच्या प्लॉटमधून जात असेल तर खरेदीखतात तो हक्क लिहून घ्या (प्रश्न ८). जोडणीची मंजुरी आणि गुंठेवारी असेल तर विकास शुल्काची पावती मूळ स्वरूपात मागा. आणि जाण्याआधी शेजारच्या घराची बेल वाजवून विचारा, पावसाळ्यात इथे पाणी कुठून येतं.